जंपर

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला लागून माझी टपरी.
एक टेबल, दोन स्टुलं, आणि हा संगणक,
ज्याला ज्युनिअर वकील जाता-येता नमस्कार करतात, चेष्टेनं.
शुक्रवारी त्याची डिस्क गेली.
गुपचूप नाही गेली.
अडकित्त्यात कच्ची सुपारी धरल्यासारखी
टक्. थांबली. टक्.

कॅनडा कॉर्नरचा दुसाने म्हणाला, मशीनच नवं घ्या ना ताई.
म्हटलं, आणि माझा फॉन्ट?
त्याचं कुलूप मागच्या त्या जाड पोर्टातच बसतं,
आणि कुलूप विकणारी कंपनी आता फोन उचलत नाही.
त्यानं मान हलवली, ड्रॉवरमधून पाचशे जीबीची डिस्क काढली,
वापरलेली, सहा महिन्यांच्या तोंडी गॅरंटीची.

दुसरा शनिवार. कोर्ट बंद.
निफाडकडून आलेली थंडी पत्र्यात मुरलेली.
बाजूचं झाकण काढलं:
धूळ, एक वाळलेलं झुरळ,
आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरचा फाटका कोपरा
(तो आत कसा गेला, मला ठाऊक नाही).
चार स्क्रू काढले. तीनच सापडतायत.

केबल लावली, बटण दाबलं.
पडद्यावर: शोधतोय…
शोधतोय…
काही नाही.

केबल बदलली. काही नाही.
शेजारच्या खाचेत लावली. काही नाही.
तारीख मात्र छातीठोकपणे सांगतो, एक जानेवारी दोन हजार तीन.
रविवार कारंज्यावरून घड्याळवाल्याचा सेल आणून घातला,
तारीख सुधारली, डिस्क नाही.
तिच्यावर तळहात ठेवला. बारीक थरथर लागली.
म्हणजे आत फिरतेय.
पक्षकार हजर आहे, दाराशीच उभा आहे,
शिपाई तीनदा पुकारतो,
आणि तरी रोजनाम्यात गैरहजर.

दुपारी दुसानेला फोन लावला. उचलला त्याच्या पोरानं, सरफराजनं.
तोंडात काहीतरी होतं, बहुतेक मिसळीचा पाव.
“ताई, मागं चार बारके दात दिसतायत?
जुन्या डिस्कच्या दातांवर काळी टोपी असंल बघा.
ती काढा आन् हिला घाला.
ही लई भरभर बोलती, तुमच्या बोर्डाला झेपत नाही.
टोपी घातली की सावकाश बोलंल.”
फोन ठेवला त्यानं. एवढंच.

तांदळाच्या दाण्याएवढी टोपी.
भुवयांच्या चिमट्यानं धरली, दोनदा पडली,
तिसऱ्यांदा स्टुलाखाली गुडघ्यांवर बसून शोधली,
मेलेलीच्या दातांवरून काढून जितीच्या दातांवर बसवली.
बटण.
शोधतोय…
आणि तिचं नाव आलं, इंग्रजी अक्षरं, लांबलचक नंबर.
मी त्या रिकाम्या टपरीत म्हणाले, “हजर.”

मग निळा पडदा, आणि खाली: एकोणचाळीस मिनिटे बाकी.
ती एकोणचाळीस मिनिटं दीड तास चालली.
मी शाल गुंडाळून बसले, चहा प्याले,
मेलेली डिस्क वर्तमानपत्रात बांधली,
वीस वर्षांची प्रतिज्ञापत्रं त्यात,
नाव बदललेली, जन्मतारीख बदललेली माणसं.
टाकवेना. टेबलाच्या पायाखाली ठेवली.
टेबल डुगडुगायचं थांबलं, खरं सांगते.

सोमवारी पहिल्या आल्या हौसाबाई लिलके, दिंडोरीकडच्या.
सातबाऱ्यावर हौसाबाई, आधारवर हंसाबाई.
दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं लिहून हवं होतं.
आत साहेबांनी काय सांगितलं ते त्यांना कळलं नव्हतं,
मी एकेक शब्द सुटा करून सांगितला,
सांगता सांगता त्या काळ्या टोपीची आठवण झाली, असो.

पेनड्राइव्हवर नमुना होता. उघडला.
पानभर नुसती इंग्रजी रांगोळी,
कंस, प्रश्नचिन्हं, मध्येच एक डॉलर.
फॉन्ट टाकायचा राहिला होता.
हौसाबाई पडद्याजवळ वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.
“यात माझं नाव कंचं?”

बसा, म्हटलं. सीडी शोधते.